खुंटावरचा एडवर्ड

(पारोळा, जळगाव जिल्हा. मे महिना, उजाडताना. जुन्या वाड्याचं मागचं अंगण. आजी परडीत गुलाब खुडताहेत. आधी थोडा वेळ नुसते आवाज : चिमण्या, शेजारचा रेडिओ, बांगड्या.)

मे महिन्यातलं पारोळं. साडेआठ वाजले की हे अंगण रिकामं होईल, दारं लोटली जातील आणि पाचपर्यंत इथे कुत्रंसुद्धा फिरकणार नाही. फुलं तोडायची ती आत्ताच. उन्हाखेरीज त्याला दुसरंही कारण आहे. गुलाबाच्या पाकळीतलं सुगंधी तेल पहाटे भरपूर असतं आणि दिवस चढेल तसं ते उडून जातं. कनौजच्या अत्तरवाल्यांकडेही फुलांची तोडणी सूर्य वर यायच्या आत उरकतात. आजींच्या सासूबाईंच्या घरचा नियम तोच होता.

(आजी खुडता खुडता बोलतात.)

"हाई झाड मन्ही सासूनी लायेल शे. पानी टाका, ना टाका, फुलस."

झाड नीट बघून घ्या, पुढे ते वेगळ्या वेशात भेटणार आहे. उंची पुरुषभर. फांद्या सरळ न चढता बाहेरच्या बाजूला कमान करून झुकलेल्या. एका देठावर पाच, कधी सात छोटी पानं. कळ्या तीन-चारच्या घोसात. फूल अडीच-तीन इंचांचं, गडद गुलाबी, जरासं जांभळ्याकडे वळणारं, आणि पूर्ण उमललं की वाटीसारखं उघडं. पाकळ्या सैल. फुलवाल्याच्या बादलीतली टोकदार, घट्ट मिटलेली कळी आपण गुलाब म्हणून ओळखतो. तिच्याशी याचं फारसं साम्य नाही. देठ आखूड, काटे आहेत, आणि फूल दुसऱ्या दिवशीच गळायला लागतं.

वास काही पडद्यावरून पोचवता येत नाही. परडी घरात गेली तेव्हा माजघरात पाठमोऱ्या बसलेल्या आजोबांना ती आल्याचं मान न वळवता कळलं, एवढंच सांगतो.

पारोळ्यात याला गावठी गुलाब म्हणतात. कुणी देशी म्हणतं, कुणी गुलकंदाचा गुलाब. रोपवाटिकेत गेलात तर याचं नाव एडवर्ड. पावसाळ्याच्या तोंडाशी आणि दिवाळीनंतर मोठा बहर, मधल्या काळात थोडी थोडी फुलं, आणि उन्हाळ्यात फूल लहान होतं, रंग फिकटतो, पण झाड थांबत नाही. राजस्थानातला चैती गुलाब चैत्राच्या आगेमागे जेमतेम तीन-चार आठवडे फुलतो. आपले लोक त्यालाही देशी म्हणतात आणि यालाही. झाडं वेगळी आहेत.

(हिंदी महासागराचा नकाशा. मादागास्कर, मॉरिशस, त्याच्या शेजारी ठिपक्याएवढं बेट.)

आपल्या या देशी एडवर्डचं मूळ गाव हे. मादागास्करच्या पूर्वेला, मॉरिशसच्या शेजारी असलेलं रेयुनियों बेट. दोनशे वर्षांपूर्वी त्याचं नाव बूर्बों होतं, फ्रान्सच्या राजघराण्यावरून ठेवलेलं. फ्रेंचांची वसाहत, आधी कॉफीची, मग उसाची.

इथले शेतकरी शेताला कुंपण घालायचे ते गुलाबाचं. आपण घायपात किंवा निवडुंग लावतो तसं. दोन प्रकारचे गुलाब दाटीने लावलेले असत. एक चीनमधून आलेला फिक्कट गुलाबी गुलाब, ज्याला आज ओल्ड ब्लश म्हणतात. दुसरा दमास्क, त्यातही वर्षातून दुसऱ्यांदा थोडासा बहर देणारा.

या दोघांचं एका बांधावर येणं ही गुलाबाच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे, म्हणून इथे जरा थांबतो. युरोपातले बहुतेक जुने गुलाब वर्षातून एकदा फुलायचे. उन्हाळ्याच्या सुरुवातीला महिनाभर, आणि मग वर्षभर नुसता काटेरी झुडपाचा संसार. चिनी गुलाबाचं तसं नव्हतं. तो फुलतच राहायचा. कारण त्याच्या एका जनुकात बिघाड आहे. हे जनुक गुलाबाला 'आता फुलणं पुरे, वाढीला लाग' असं सांगतं. चिनी गुलाबात त्याच्यामध्ये डीएनएचा एक भटका तुकडा येऊन बसला आणि ते मुकं झालं. फ्रेंच आणि जपानी शास्त्रज्ञांनी हे 2012 साली दाखवून दिलं. चीनमधल्या माळ्यांनी तो बिघाड शेकडो वर्षांपूर्वीच हेरून जपला होता. अठराव्या शतकाच्या शेवटी हे गुलाब ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून युरोपात पोचले, आणि त्यातल्या काहींनी वाटेत कलकत्त्याच्या बागेत मुक्काम केला.

दमास्ककडे बारमाही फुलण्याची सवय नव्हती. त्याच्याकडे वास होता.

(जुनं रंगीत चित्र : एक गुलाबी फूल, दोन कळ्या, पानं. कॅमेरा हळूहळू पाकळ्यांवरून खाली देठाकडे.)

सेंट बेन्वा हे बेटाच्या पूर्व किनाऱ्यावरचं गाव. तिथे पेरिशाँ नावाच्या जमीनदाराला कुंपणासाठी वाढवलेल्या रोपांत एक रोप वेगळं दिसलं. दोन्ही गुलाबांचा थोडा थोडा अंश घेतलेलं, पण दोन्हींपेक्षा जोमदार. त्याने ते उपटलं नाही, वेगळं लावलं. त्याच्या एदुआर या पहिल्या नावावरून बेटावर त्या झाडाला एदुआर गुलाब म्हणू लागले. आपल्याकडचा एडवर्ड तो हाच. इंग्लंडच्या राजाशी त्याचा काही संबंध नाही.

1817 साली निकोला ब्रेआँ हा वनस्पतिशास्त्रज्ञ बेटावरच्या सरकारी बागेची व्यवस्था बघायला आला. हे झाड म्हणजे चिनी आणि दमास्कचा आपोआप झालेला संकर आहे, हे त्याने ओळखलं आणि 1819 साली बिया पॅरिसला धाडल्या. त्या मिळाल्या आंत्वान जाक या माळ्याला. जाक हा ओर्लेआँच्या ड्यूकच्या, म्हणजे पुढे 1830 साली फ्रान्सचा राजा झालेल्या लुई-फिलिपच्या, नेयी इथल्या बागेचा मुख्य माळी. त्याने बिया पेरल्या, रोपं वाढवली आणि युरोपात बूर्बों गुलाबांचं घराणं सुरू झालं. पडद्यावर दिसतंय ते चित्र पिएर-जोसेफ रेदूतेचं. फुलांची चित्रं काढण्यात त्या काळी त्याच्या तोडीचा माणूस नव्हता. नव्या गुलाबाला युरोपात बस्तान बसवायला वेळ लागला नाही, याला हे चित्रच पुरावा.

काळ डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगतो : बिया पॅरिसला निघाल्या त्याच्या आदल्याच वर्षी खानदेश मराठ्यांच्या हातून इंग्रजांकडे गेला होता, आणि कॅप्टन ब्रिग्ज धुळ्यात बसून नव्या जिल्ह्याची घडी बसवत होता.

पुढची वंशावळ भराभर सांगतो. 1843 साली लियोंच्या बेलूझने काढलेला फिक्कट गुलाबी सुव्हेनिर द ला मालमेझों. 1868 चा झेफिरीन द्रुअँ, ज्याला जवळजवळ काटेच नाहीत. बूर्बोंचा दुसऱ्या घराण्यांशी संकर होत होत मोठ्या फुलांचे, पुन्हा पुन्हा फुलणारे गुलाब आले, आणि 1867 साली गियोने काढलेला ला फ्रान्स हा आजच्या बाजारातल्या उंच देठाच्या गुलाबांचा आद्य पुरुष मानला जातो. व्हॅलेंटाइनच्या दिवशी जळगावच्या कॉलेज रस्त्यावर सेलोफेनमध्ये गुंडाळून विकलं जाणारं फूल आपल्या आजीच्या अंगणातल्या या झाडाचं दूरचं नातलग आहे. दोघांना शेजारी ठेवलं तर पटणार नाही.

(समुद्राच्या नकाशावरून थेट पारोळ्याच्या भेगाळलेल्या जमिनीवर.)

रेयुनियोंबद्दल आणखी एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. या बेटावर जानेवारी 1966 मध्ये फोक-फोक या ठिकाणी 24 तासांत 1825 मिलीमीटर पाऊस पडला. 24 तासांतल्या पावसाचा तो जागतिक विक्रम आहे. जळगाव जिल्ह्यात वर्षाला पडतो साधारण 700. म्हणजे तिथे एका दिवसात पडला तेवढा पाऊस आपल्याकडे पडायला अडीच वर्षं जातात. अशा बेटावर जन्मलेलं झाड भुसावळ-जळगावच्या पंचेचाळीस अंशांत उभं आहे.

आणि उलट बाजूने पाहिलं तर खानदेशचा कोरडेपणा त्याच्या पथ्यावरच पडला. बूर्बों गुलाबांचा युरोपातला मोठा शत्रू म्हणजे पानांवरचे काळे ठिपके. ही बुरशी आहे. पान बरेच तास सलग ओलं राहिलं तरच तिचे बीजाणू रुजतात. इंग्लंडमध्ये ही सोय उन्हाळाभर असते. पारोळ्यात ती श्रावण-भाद्रपदात मिळते, तेवढे दिवस झाडाची खालची पानं पिवळी पडून गळतात, आणि आश्विनात ऊन कडक झालं की नवी पालवी स्वच्छ निघते. आजींनी या झाडावर कधी औषध मारलेलं नाही. धुण्याभांड्यांचं पाणी आळ्यात जातं, शेणखत वर्षातून एकदा.

(जळगावबाहेर, एरंडोल रस्त्यावरची रोपवाटिका. जानेवारी. काळ्या पिशव्यांच्या रांगा. एक काका जमिनीवर पाट टाकून बसलेले, हातात छोटा चाकू, शेजारी ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या फांद्या.)

आता तेच झाड दुसऱ्या वेशात. या पिशव्यांत हजारोंनी उभे आहेत ते एडवर्डच. त्यांना इथे कुणी गुलाब म्हणत नाही. इथे त्यांचं नाव खुंट, म्हणजे ज्याच्यावर दुसऱ्या गुलाबाचा डोळा, म्हणजे कोंब, बसवून कलम करायचं ते खालचं झाड.

जून-जुलैत एडवर्डच्या पेन्सिलीइतक्या जाड काड्या वीतभर लांबीच्या कापून पिशव्यांत खोचल्या. बहुतेक सगळ्या जगतात. एडवर्डची खुंट म्हणून निवड होते ती यासाठीच. मुळं लवकर धरतो, गरमी सोसतो, आणि ज्याचा डोळा भरावा त्याला वाढवतो. हिवाळ्यापर्यंत नवी फांदी पेन्सिलीएवढी झाली की काकांचं काम सुरू होतं.

कामाच्या दोन दिवस आधी पिशव्यांना भरपूर पाणी द्यायचं. झाडात रस चढलेला असला की साल लाकडापासून अलगद सुटते. नाही तर ती फाटते आणि खुंट वाया जातो.

(चाकूचं पातं, जवळून. इथे निवेदन सावकाश, हातांच्या गतीने.)

जमिनीपासून चार बोटांवर खुंटाला आडवा छेद. त्याच्या मधोमध खाली उभा छेद, इंचभर. चाकूच्या मागच्या बाजूने सालीच्या दोन्ही कडा जराशा उचलायच्या. आता ग्लॅडिएटर या कलमी लाल गुलाबाची फांदी घ्यायची, जिच्यावरचं फूल नुकतंच उमलून गेलंय अशी. पानाच्या बगलेत डोळा असतो. तो फुगलेला हवा, फुटलेला नको. पान कापून टाकायचं, पण देठाचा तुकडा ठेवायचा, तोच पुढे धरायला मूठ होतो. डोळ्याच्या खालून वर चाकू न्यायचा, एका दमात. हातात येतो तो ढालीच्या आकाराचा सालीचा काप. त्याच्या पाठीला लाकडाची चकती चिकटलेली असली तर ती नखाने काढायची, डोळ्याच्या गाभ्याला धक्का न लावता.

मग ती ढाल खुंटाच्या सालीत वरून खाली सरकवायची आणि प्लास्टिकच्या पट्टीने बांधायची. पट्टी वर, पट्टी खाली, मध्ये डोळा उघडा.

काका म्हणतात, "कापल्यापासून बांधेपर्यंत बोलू नका माझ्याशी. डोळा वाऱ्याला सुकतो."

आम्ही बोललो नाही. म्हणून या भागात मुलाखत नाही, नुसते हात आहेत.

पंधरा-वीस दिवसांनी पाहणी. देठाच्या त्या तुकड्याला बोट लावायचं. तो टपकन गळून पडला आणि खालचा डोळा हिरवा असला, तर जमलं. तो वाळून तिथेच चिकटून बसला असेल, तर डोळा मेला. जमलेल्या खुंटाचा वरचा भाग पुढे छाटून टाकतात, म्हणजे मुळांनी ओढलेलं सगळं डोळ्याकडेच जातं. पावसाळ्यात हे रोप गिऱ्हाईकाच्या हाती जातं तेव्हा ते ग्लॅडिएटर असतं, निदान चार बोटांच्या वर. खालच्या एडवर्डबद्दल गिऱ्हाईकाला एकच वाक्य सांगितलं जातं : खालून फूट आली तर काढून टाका, रानटी असते.

(धुळे, देवपूर. बंगल्याच्या फाटकाशी गुलाबाचं मोठं झाड. डावीकडे लालभडक फुलं, उजवीकडे गुलाबी.)

देवपुरातल्या या झाडाला बघायला शेजारीपाजारी येतात. घरमालक निवृत्त शिक्षक. गुरुजी हसत सांगतात की झाडाने रंग बदलला, अर्धं लाल राहिलं, अर्धं गुलाबी झालं.

झाडाने काही बदललेलं नाही. कॅमेरा खाली नेला की दिसतं. लाल फांदी कलमाच्या सांध्याच्या वरून निघाली आहे, गुलाबी सांध्याच्या खालून. खुंटाने आपली फूट काढली, ती काढून टाकायची राहून गेली, आणि एडवर्ड बाहेर आला. एका मुळावर दोन गुलाब. बऱ्याच बागांत पुढची गोष्टही घडते : उन्हाने किंवा चुकीच्या छाटणीने वरचा गुलाब मरतो, खालचा वाढत राहतो, आणि घरचे लोक म्हणतात की गुलाब रानटी झाला.

इथे आमचं मत सांगायला हरकत नाही. ज्याला नाव आहे, इतिहास आहे, वास आहे, त्याला रानटी म्हणू नये. कलमाचा गुलाब टिकवायचा असेल तर खालची फूट काढावीच लागते, नाही तर ती वरच्याला उपाशी मारते. रोपवाटिकेतले काका खोटं सांगत नाहीत. पण ती काढून फेकायची की कुंडीत खोचायची, हे आपल्या हातात आहे. गुरुजींना ते सांगितलं. त्यांनी दोन्ही ठेवायचं ठरवलंय.

(पुन्हा पारोळा. आखाजीचा आदला दिवस. माहेरी आलेल्या लेकी ओट्यावर बसून पाकळ्या निवडताहेत. मागे कडुनिंबाला झोका.)

आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला खानदेशात लेकी माहेरी येतात. झोके, गाणी, सांजोऱ्या हे सगळं होईलच. या घरात त्याच दिवसांत गुलकंदही घातला जातो, कारण निवडायला हात असतात आणि ऊन फुकट असतं.

पाकळ्या देठापासून सोडवायच्या. पाकळीच्या बुडाशी पांढरं टोक असतं, ते तुरट लागतं, काही घरांत तेही खुडतात. धुतलं तर सावलीत पूर्ण सुकवायचं. पाण्याचा थेंब राहिला की बुरशी आलीच. मग चिनी मातीच्या बरणीत एक थर पाकळ्या, एक थर कुटलेली खडीसाखर. वजनाला वजन, किंवा साखर थोडी जास्त. तोंडाला फडकं बांधून बरणी धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर.

(धाब्यावरची बरणी. सावली सरकताना दिसते. आठवड्यांचं चित्रण काही सेकंदांत.)

साखर पाकळ्यांतलं पाणी ओढून घेते, पाकळ्या बसतात, गुलाबी रंग आधी तपकिरी होतो आणि मग लालसर काळपट. एक दिवसाआड कोरड्या लाकडी चमच्याने हलवायचं. तीन-चार आठवड्यांत पाकळी आणि पाक वेगळे ओळखू येत नाहीत. पानटपरीवर मिळणाऱ्या लालचुटुक गुलकंदाशी हा रंग जुळत नाही, आणि त्यात नवल नाही.

ग्लॅडिएटरच्या पाकळ्यांचा गुलकंद करून बघा म्हटलं तर आजी नुसतं हात हलवतात. पाकळी जाड, वास नाही.

(पारोळ्याची गल्ली, पाडलेला वाडा, पेव्हर ब्लॉक बसवलेलं अंगण. तीन चित्रं, वेगाने.)

बाजाराला टिकणारं फूल लागतं, एडवर्ड एका दिवसात गळतो, त्यामुळे त्याला भाव नाही. वाडे पाडले, अंगणं फरशीखाली गेली, त्यासोबत झाडंही गेली. या गल्लीत आजींचं एक उरलं आहे.

(आजींचा नातू, हातात कात्री. पहिल्या पावसानंतरचं अंगण, माती काळी आणि ओली.)

एडवर्डला कलम लागत नाही, तो स्वतःच्याच मुळावर वाढतो, म्हणून त्याचं रोप कुणालाही करता येतं. मृगाचा पाऊस झाला की पेन्सिलीएवढी, गेल्या वर्षीची पिकलेली फांदी निवडायची. वीतभर लांब, चार डोळे मोजून. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली, तिरका. वरचा काप डोळ्याच्या थोडा वर. सगळी पानं काढायची. दोन डोळे मातीत, दोन बाहेर. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत सारखं. खानदेशी काळी माती नुसती भरली तर पाणी धरून काडी कुजते.

आपल्या बागेतल्या कलमाची खालची फूट लावायची असेल तर आधी पान बघा. पाच-सात बऱ्यापैकी मोठी पानं असतील तर तो एडवर्ड असण्याची शक्यता चांगली. पानं बारीक, सात-नऊ, आणि देठाच्या बुडाशी झालर असेल तर तो मल्टिफ्लोराचा खुंट. काही रोपवाटिका तोही वापरतात. त्याला बारीक पांढऱ्या फुलांचे घोस येतात, आणि त्याचा गुलकंद होत नाही.

कुंडी महिनाभर सावलीत ठेवायची. पालवी फुटली म्हणजे मुळं फुटली असं नसतं, काडीतल्या साठ्यावरही पानं येतात. म्हणून ओढून बघायचं नाही. दसऱ्याच्या सुमारास जमिनीत लावता येतं, दिवसातून सहा तास ऊन मिळेल अशा जागी, भिंतीपासून दोन हात सोडून. पहिल्या हिवाळ्यात कळ्या येतील. त्या खुडून टाकल्या तर झाड लवकर भरतं. आजींच्या नातवाने यंदा दहा काड्या लावल्या आहेत. त्यातल्या चार कुणाकुणाला द्यायच्या ते आत्ताच ठरलंय.